तीन गायिका, एक बँड: नाइटविशची कथा (धागा)

१/
२१ ऑक्टोबर २००५. हेलसिंकीच्या हार्टवॉल अरीनामध्ये नाइटविश या फिनिश बँडच्या प्रदीर्घ जागतिक दौऱ्याची अखेरची मैफल संपली. टाळ्यांचा कडकडाट ओसरला, वादक आणि गायिका मंचामागे गेले, आणि तेथे चार वादकांनी आपल्या गायिकेच्या हाती एक पत्र ठेवले. यापुढे आपण तिच्याशिवाय वाटचाल करणार आहोत, असा त्या पत्राचा आशय होता. तेच पत्र बँडच्या संकेतस्थळावर जगासमोर उघडे ठेवण्यात आले. सिंफनिक मेटल या संगीतप्रकाराच्या इतिहासात एवढी चर्चा दुसऱ्या कोणत्याही कागदाची झालेली नाही.

२/
त्या कागदापर्यंतचा प्रवास समजून घ्यायचा तर फिनलंडच्या पूर्व सीमेजवळील किटेए या छोट्या गावात जावे लागते. रशियाची हद्द तेथून फार दूर नाही. सरोवरे आणि अरण्ये यांच्यामधल्या या गावात टुओमास होलोपाइनेन वाढला. लहानपणी पियानो, पुढे क्लॅरिनेट, आणि कानांवर चित्रपटसंगीताचे गाढ संस्कार. १९९६ च्या उन्हाळ्यात सरोवरातील एका बेटावर, मित्रांसमवेत शेकोटीभोवती बसलेला असताना, त्याला एका नव्या संगीतप्रकल्पाची कल्पना सुचली. ध्वनिवर्धित गिटारचा गडगडाट त्यात नव्हता. साधी अकूस्टिक गिटार, कीबोर्ड आणि एक स्त्रीस्वर, एवढेच साहित्य. रात्रीच्या शांततेला साजेल असे काहीतरी त्याला हवे होते.

३/
गिटारसाठी एम्पू व्हुओरिनेन आला आणि गाण्यासाठी टार्या टुरुनेन. तिघेही त्याच परिसरातले. टार्या अभिजात गायनाचे शिक्षण घेत होती, आणि तिच्या गळ्याने होलोपाइनेनचा सगळा बेतच उधळून लावला. ऑपेरा गायकाची तालीम मुळात एका व्यावहारिक अडचणीतून घडलेली आहे: ध्वनिक्षेपकाविना, पन्नास-साठ वाद्यांवर मात करून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचला पाहिजे. असा आवाज एका अकूस्टिक गिटारीशेजारी उभा केला की गिटार दिसेनाशी होते. मग उपाय एकच उरला, आवाजाच्या तोलाची वाद्ये आणायची. इलेक्ट्रिक गिटार आली, ड्रमवर युक्का नेवालाइनेन बसला आणि शेकोटीपाशी जन्मलेला प्रकल्प मेटल बँड झाला.

४/
ही बाब बारकाईने ध्यानात घेण्याजोगी आहे. नाइटविशमध्ये आधी मेटल होते आणि नंतर त्यावर गायिका बसवली गेली, असा क्रम नाही. गायिकेच्या आवाजामुळे बँड मेटल झाला. पुढे नऊ वर्षांनी ज्या पत्राने तिला निरोप दिला, ते वाचताना हा मूळ क्रम विसरला जातो.

५/
अर्थात होलोपाइनेन काही निर्वात पोकळीत काम करीत नव्हता. स्विस बँड सेल्टिक फ्रॉस्टने १९८७ मध्येच मेटलमध्ये वाद्यवृंदाचे रंग मिसळून पाहिले होते. नॉर्वेचे द थर्ड अँड द मॉर्टल आणि थिएटर ऑफ ट्रॅजेडी, नेदरलंड्सचे द गॅदरिंग यांनी जड वाद्यांपुढे स्त्रीस्वर उभा केला होता. स्वीडनच्या थेरियनने १९९६ च्या ‘थेली’ या अल्बममध्ये समूहगायनाचा भव्य वापर केला. उत्तर युरोपात त्या काळी ही कल्पना हवेतच होती. नाइटविशने तिला ऑपेराचा कंठ आणि सहज गुणगुणता येईल अशी चाल दिली.

६/
नोव्हेंबर १९९७ मध्ये आलेला पहिला अल्बम, ‘एंजल्स फॉल फर्स्ट’, चाचपडणारा आहे. काही ठिकाणी होलोपाइनेन स्वतः गायला आहे, आणि पुढे त्याने गाणे सोडले याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत. खरी झेप १९९८ च्या ‘ओशनबॉर्न’ने घेतली: वेगवान गिटार, कीबोर्डमधून काढलेला व्हायोलिनसमूहाचा आभास आणि त्यांच्यावरून घारीसारखा तरंगणारा टार्याचा सोप्रानो. २००० साली युरोव्हिजन स्पर्धेच्या फिनिश निवडफेरीत बँड उतरला. प्रेक्षकांच्या मतांत तो आघाडीवर होता, परंतु परीक्षकांच्या कौलाने विजेतेपद हुकले. त्याच वर्षीचा ‘विशमास्टर’ मात्र फिनलंडच्या विक्रीयादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला.

७/
यशाच्या शिखराकडे जात असतानाच २००१ मध्ये बँड मोडण्याच्या बेतात आला. होलोपाइनेन थकला होता, आपसांत ताण होते. अखेर बासवादक सामी व्हॅन्स्का बाहेर पडला आणि मार्को हिएताला आत आला. टॅरॉट या बँडमधून आलेला हा माणूस नुसता बासवादक नव्हता, त्याचा आवाज खरखरीत आणि दमदार होता. आता होलोपाइनेनपाशी दोन परस्परविरोधी रंगांचे कंठ होते. २००२ च्या ‘सेंच्युरी चाइल्ड’मध्ये हे दोन आवाज समोरासमोर आले, आणि याच अल्बममध्ये कीबोर्डच्या आभासाऐवजी प्रथमच खरा वाद्यवृंद वाजला.

८/
त्यानंतर २००४ चा ‘वन्स’. या अल्बमपाशी थोडे थांबले पाहिजे. वाद्यवृंद लंडनचा, त्याची मांडणी पिप विल्यम्स या इंग्रज संयोजकाची. येथे वाद्यवृंद सजावटीपुरता उरला नाही. गाण्याचा सांगाडाच त्याच्यावर उभा राहिला. ‘घोस्ट लव्ह स्कोअर’ ही सुमारे दहा मिनिटांची रचना ऐकावी. कडवे-धृपद-कडवे हा गाण्याचा नेहमीचा आराखडा तीत नाही. चित्रपटाच्या पार्श्वसंगीताप्रमाणे एकामागून एक प्रसंग उलगडत जातात, मध्येच गिटार पूर्ण थांबते, वाद्यवृंद एकटा बोलतो, आणि शेवटी तीच चाल पुन्हापुन्हा येत वर चढत राहते. दुसरीकडे ‘नेमो’सारखे आटोपशीर गाणे घरोघरी पोहोचले. अल्बम जर्मनीतही पहिल्या क्रमांकावर गेला. लहानशा गावातला बँड आता एक मोठा व्यवसाय झाला होता, आणि व्यवसायासोबत येणारे सारे प्रश्नही आले.

९/
पुन्हा त्या पत्राकडे. गायिकेचे पती मार्सेलो काबुली हे अर्जेंटिनाचे उद्योजक. त्यांच्या प्रभावामुळे ती बदलली, तिला संगीतापेक्षा पैशाची ओढ लागली, असा आरोप पत्रात होता. टार्याने जाहीर उत्तर देऊन पतीवरील आरोप फेटाळले आणि खासगी बाबी अशा रीतीने चव्हाट्यावर आणल्याबद्दल दुःख व्यक्त केले. कोणाची बाजू खरी, याचा निवाडा दुरून करण्यात अर्थ नाही. मतभेद चार भिंतींच्या आत कोणत्याही मंडळीत होतात. परंतु सहकारी कलावंताला निरोप देण्यासाठी खुले पत्र निवडणे, ही कृती मात्र कठोर होती, आणि हे म्हणायला कोणाची बाजू घ्यावी लागत नाही. त्या रात्रीचे चित्रीकरण पुढल्याच वर्षी ‘एंड ऑफ अ‍ॅन इरा’ या नावाने प्रसिद्ध झाले. शेवट ठाऊक असल्यामुळे ते पाहताना प्रत्येक स्मितहास्य वेगळे दिसू लागते.

१०/
मग शोध सुरू झाला. जगभरातून दोन हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणे आली. मौज अशी की, नव्या अल्बमचे काम गायिका जाहीर होण्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. १९९६ मध्ये आवाजाने संगीत घडवले होते, आता संगीत तयार होते आणि त्याला आवाज हवा होता. मे २००७ मध्ये नाव जाहीर झाले: अनेट ओल्झोन, स्वीडनची. तिचा गळा ऑपेराचा नव्हताच. तो पॉप-रॉक वळणाचा, बोलका, जवळून कानाशी सांगणारा होता.

११/
टार्याची नक्कल करू शकेल अशी गायिका होलोपाइनेनने घेतली नाही, हा त्याचा सर्वांत धाडसी आणि बहुधा सर्वांत शहाणा निर्णय. त्याची किंमत मात्र ओल्झोनने मोजली. ‘डार्क पॅशन प्ले’ (२००७) विक्रीत यशस्वी ठरला, तरी जुन्या चाहत्यांतील कित्येकांनी तिला कधीच आपले मानले नाही. मूळ संचातले नाटक पाहिलेला प्रेक्षक नव्या संचाकडे ज्या नजरेने पाहतो, तीच ही नजर. ओशनबॉर्नच्या काळातील गाणी तिच्या गळ्याला साजत नव्हती, हे खरेच. पण ती गाणी तिच्यासाठी रचलेलीच नव्हती.

१२/
या अल्बमचा आरंभ ‘द पोएट अँड द पेंड्युलम’ या सुमारे चौदा मिनिटांच्या रचनेने होतो. एका बालगायकाचा कोवळा स्वर, अ‍ॅबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला वाद्यवृंद, आणि रचनाकाराने स्वतःच्याच मृत्यूची केलेली कल्पना. दोन वर्षांच्या वादळाचा ताळेबंद त्यात उतरला आहे. ‘बाय बाय ब्यूटिफुल’ हे गाणे टार्याला उद्देशून आहे. ते ओल्झोन आणि हिएताला यांच्या तोंडून ऐकताना थोडे अवघडल्यासारखे होते. नव्या गायिकेला जुन्या गायिकेवरचा राग गायला लावणे कितपत न्याय्य होते?

१३/
२०११ चा ‘इमॅजिनेरम’ ही ओल्झोनची खरी कमाई. जत्रा, बालपण, स्वप्ने, मृत्युशय्येवरील वृद्ध माणूस अशा विषयांची ही मालिका, आणि सोबत स्टोबे हारयूने दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा चित्रपट. जॅझच्या अंगाने जाणारे गाणे, लोकगीताचा बाज, नाट्यमय कुजबुज हे सारे तिने पेलले. तिच्या लवचीक, अभिनयक्षम आवाजावाचून हा अल्बम सुचलाच नसता, असे म्हणण्यास पुरेसा आधार कानांना मिळतो.

१४/
आणि तरीही शेवट पुन्हा दौऱ्यातच झाला. २८ सप्टेंबर २०१२ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे ओल्झोनला रुग्णालयात दाखल करावे लागले. मैफल रद्द न करता सोबतच्या बँडमधील एलीझ रीड आणि अलिसा व्हाइट-ग्लुझ यांच्या मदतीने ती उरकण्यात आली. असे करण्यापूर्वी आपल्याला विचारले नाही, अशी नाराजी ओल्झोनने व्यक्त केली. १ ऑक्टोबरला ती आणि बँड विभक्त झाल्याची घोषणा झाली. त्या काळात ती गरोदर होती. वियोगाच्या कारणांबाबत दोन्ही बाजूंची कथने पुढे एकमेकांशी जुळली नाहीत.

१५/
त्याच दिवशी सिअ‍ॅटलच्या मंचावर तिसरी गायिका उभी राहिली: नेदरलंड्सची फ्लोर यान्सेन. आफ्टर फॉरएव्हर या बँडमध्ये ती किशोरवयापासून गात होती. गाणी पाठ करायला तिला जेमतेम दोन दिवस मिळाले. एक ऑपेराचा गळा, एक पॉपचा गळा, या दोहोंनंतर आलेल्या या गायिकेकडे दोन्ही होते, आणि शिवाय मेटलची गर्जनाही. ऑगस्ट २०१३ मध्ये जर्मनीतील वाकेन महोत्सवात तिने गायलेला ‘घोस्ट लव्ह स्कोअर’ आजही जगभर पाहिला जातो. टार्याने स्टुडिओत कोरलेल्या शेवटच्या आवर्तनाला यान्सेनने मंचावर स्वतःचा कळस चढवला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये ती अधिकृत सदस्य झाली. पाइप्स आणि बासरी वाजवणारा इंग्रज वादक ट्रॉय डॉनॉक्लीही याच सुमारास सदस्य झाला.

१६/
इतका समर्थ आवाज हाती आल्यावर होलोपाइनेनने त्याला पूर्ण मोकाट सोडले असेल, असे वाटेल. घडले उलटेच. ‘एंडलेस फॉर्म्स मोस्ट ब्यूटिफुल’ (२०१५) हे नाव डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या अखेरच्या वाक्यातले. निवेदन रिचर्ड डॉकिन्स यांचे, आणि समारोपाची रचना तब्बल २४ मिनिटांची, पृथ्वीवरील जीवसृष्टीच्या उत्क्रांतीची कथा सांगणारी. स्वतःच्या जखमांविषयी लिहिणारा रचनाकार आता अब्जावधी वर्षांविषयी लिहू लागला होता. यान्सेनचा आवाज त्यात पुष्कळदा संयतच राहतो. कित्येक श्रोत्यांना हे रुचले नाही. त्यांची तक्रार अगदीच निराधार नाही. याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनच्या वेंब्ली अरीनामध्ये बँडची मैफल झाली, तेव्हा डॉकिन्स स्वतः मंचावर आले होते.

१७/
मूळ संचाची झीज थांबली नाही. निद्रानाशामुळे २०१४ मध्ये नेवालाइनेनने ड्रम सोडले, त्याच्या जागी काय हाह्तो आला. २०२० च्या ‘ह्यूमन. नेचर.’ या दुहेरी अल्बमची दुसरी तबकडी जवळजवळ संपूर्ण वाद्यवृंदाची आहे, त्यात बँड असा नाहीच. पुढल्या वर्षी जानेवारीत हिएताला बाहेर पडला. नैराश्य आणि संगीतव्यवसायाविषयीचा भ्रमनिरास त्याने मोकळेपणाने मांडला. या वेळी बँडकडून आरोपांचे पत्र निघाले नाही. बास गिटार पुढे युक्का कोस्किनेनने हाती घेतली, पण हिएतालाच्या गळ्याची जागा तशीच ठेवण्यात आली. २०२३ पासून टार्या आणि हिएताला पुन्हा एका मंचावर गाताना दिसू लागले, नाइटविशच्या नावाशिवाय.

१८/
सप्टेंबर २०२४ मध्ये ‘येस्टरविंड’ आला. हा शब्द कोणत्याही शब्दकोशात नाही, तो डॉनॉक्लीने घडवला. भूतकाळाविषयीच्या एका अनाम ओढीला त्याने दिलेले ते नाव. शेकोटीपाशी जमलेल्या तिघांपैकी होलोपाइनेन आणि व्हुओरिनेन हे दोघे या अल्बममध्येही वाजवत आहेत. या गाण्यांसाठी दौरा होणार नाही, हे बँडने २०२३ मध्येच सांगून टाकले होते.