‘बाई, मंगळवारी मी येणार नाही’

जून महिन्यात शाळा उघडली की वह्या-पुस्तकांबरोबर मुलांच्या हाती शाळेची दैनंदिनी येते. तिच्या पहिल्या चार पानांवर नियम छापलेले असतात. गणवेश कसा असावा, केस कसे असावेत, सायकल कुठं लावावी आणि त्यातच मधे कुठंतरी एक ओळ : विद्यार्थ्याची उपस्थिती किमान ७५ टक्के असावी, अन्यथा परीक्षेस बसता येणार नाही. पालक खाली सही करतात आणि दैनंदिनी दप्तरात जाते. ती ओळ पुन्हा आठवते ती एकदम जानेवारीत, शाळेतून बोलावणं आल्यावर.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं. त्यातली बहुतेक वर्षं वर्गशिक्षिका होते. वर्गशिक्षकाचा विषय कोणताही असो, हजेरीचं काम त्याला चुकत नाही. पहिल्या तासाला एकदा आणि मधल्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा नावं पुकारायची. महिनाअखेरीला उभी-आडवी बेरीज जुळवायची, सरासरी काढायची. ती जुळल्याशिवाय घरी जायचं नाही असा आमच्याकडे दंडकच होता. त्यामुळे पुष्कळांना हजेरीपट म्हणजे एक कटकट वाटे. माझी मात्र त्या लांबलचक वहीशी चांगली गट्टी जमली होती. प्रगतिपुस्तकावरून मुलाचं गणित कच्चं आहे की इंग्रजी, एवढंच कळतं. त्याच्या घरी काय चाललंय ते हजेरीपट सांगतो.

रजेच्या चिठ्ठ्यांवर मात्र फारसं विसंबता येत नाही. ‘माझा पाल्य पोटदुखीमुळे शाळेत येऊ शकला नाही, तरी त्याची रजा मंजूर करावी ही विनंती’ हा मजकूर इतका ठरलेला, की काही मुलं तो पालकांच्या अक्षरात न चुकता लिहीत! गावच्या जत्रेला आणि मामाच्या लग्नाला पोट हमखास दुखे. एका मुलाच्या आजोबांचं तर दोन वर्षांत दोनदा निधन झालं होतं. अशा चिठ्ठ्या वाचून आम्ही हसायचो आणि फाइलला लावून टाकायचो.

पण वही खोटं बोलत नाही. महिन्याची बेरीज करताना गैरहजेरीच्या खुणा एका नजरेत दिसतात आणि त्यांची नक्षी लक्षात येऊ लागते. दर महिन्याला ठराविक तीन-चार दिवस न येणाऱ्या मोठ्या मुली असत. त्यांना विचारलं, तेव्हा कळलं की शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसतं, म्हणून त्या दिवसांत त्या घरीच राहतात. नळाला पाणी आलं आणि दाराला कडी लागली, तशा त्या खुणा कमी झाल्या. कापूस वेचणीच्या दिवसांत मागचे बाक रिकामे होत. आणि दिवाळी झाली की एकेका वाडीतली, तांड्यावरची मुलं एकदमच दिसेनाशी होत. आमच्या भागातून हजारो कुटुंबं ऊसतोडणीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. घर सांभाळायला कुणी नसेल तर मुलंही बैलगाडीवर बसून कारखान्याच्या वाटेला लागतात, ती मार्च-एप्रिलमध्येच परततात.

आता ७५ टक्क्यांचा हिशेब पाहा. वर्षाचे कामाचे दिवस साधारण २२० धरले, तर १६५ दिवस यायला हवं. म्हणजे ५५ दिवसांची मोकळीक झाली. नियम काही जाचक म्हणता येणार नाही. शहरातल्या सुखवस्तू घरातल्या मुलाला एवढे दिवस लागतही नाहीत. ज्या मुलांचे ते संपतात, ती कोण असतात, एवढाच प्रश्न आहे.

मला अशी एक मुलगी भेटली. ती नववीत होती. साल २०१७. आई-वडील दिवाळीनंतर तोडणीला गेले होते आणि ती आजीजवळ मागं राहिली होती. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, मंगळवारी मी येणार नाही. शुक्रवारीपण.” कारण विचारलं तर मान खाली. पुढं खरोखरच दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्या नावापुढं गैरहजेरी लागू लागली. पावसाळ्यात खुरपणीला आणि तापात मिळून तिचे वीस-बावीस दिवस आधीच गेले होते. डिसेंबरअखेरची बेरीज केली, तेव्हा तिची उपस्थिती ७४ टक्क्यांपेक्षा जराशी कमीच भरली. म्हणजे दीडेक टक्क्यासाठी अडलेलं.

मुख्याध्यापकांनी यादी मागवली. ७५ टक्क्यांच्या आतल्या मुलांची नावं त्यांनी लाल शाईनं अधोरेखित केली आणि मला म्हणाले, “मॅडम, यांच्या पालकांना बोलवून घ्या. दाखला घेऊन जा म्हणावं. पुढच्या वर्षी सतरा नंबर भरतील.”

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हा ‘सतरा नंबर’ सांगावा लागत नाही. दहावी-बारावीला खाजगीरीत्या बसणाऱ्यांसाठी मंडळाचा हा १७ नंबरचा अर्ज असतो. शिक्षण मधेच सुटलेल्या कितीतरी लोकांना, विशेषतः लग्नानंतर पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या बायकांना, त्याचा मोठा आधार झाला आहे. पण त्याचा एक वेगळाही उपयोग होतो. अभ्यासात मागं पडलेली, सारखी गैरहजर राहणारी मुलं नववीतच दाखला देऊन वाटेला लावली, की दहावीचा निकाल चांगला लागतो. शाळेच्या फाटकावर ‘शंभर टक्के निकाल’ असा फलक लागतो, त्यात ही मुलं मोजलेलीच नसतात.

मुख्याध्यापक दुष्ट नव्हते. निकाल घसरला की पालक मुलांना दुसऱ्या शाळेत घालतात, पट कमी झाला की शिक्षकांच्या जागा कमी होतात, हा घोर त्यांना होता. त्यांचं म्हणणं मला कळत होतं. तरीही त्या मुलीला दाखला द्यायला माझं मन घेईना. मी त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले.

मंगळवारी आमच्या गावचा आठवडी बाजार. मधल्या सुट्टीत पिशवी घेऊन गेले, तर ही बाई मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या आजीशेजारी पैसे घेत होती. मला पाहून ती उठून उभी राहिली. आजी मात्र घाबरली नाही. म्हणाली, “शाळा बुडव म्हून मी सांगत न्हाई, बाई. पन नोटा बदलल्यापून मला वळखू येईनात. मागच्या बाजारी एकानं वीसची दिली आन् पन्नासचे सुट्टे घेऊन गेला.”

आजीला तोंडी हिशेब माझ्यापेक्षा पक्का येत होता. अडचण फक्त नोटांची होती. २०१६च्या नोटाबंदीनंतर एकामागून एक नव्या नोटा आल्या होत्या. आकार लहान, आकडे वाचता येत नाहीत, नजर अधू. म्हणून मंगळवारी आमच्या गावच्या आणि शुक्रवारी शेजारच्या गावच्या बाजारात नातीला डोळे म्हणून बसवावं लागत होतं. त्यापायी तिची शाळा सुटायची वेळ आली होती.

त्यावर तोडगाही त्या पोरीनंच काढला. आजीला अक्षर दिसत नव्हतं, पण रंग दिसत होता. नवी पन्नासची नोट निळी, दोनशेची पिवळी. तिनं आजीच्या चंचीला आतून त्या-त्या रंगाच्या कापडाचे कप्पे शिवले. रंगाला रंग लावून नोट ठेवायची, आणि शंका आली तर शेजारी मिरच्या घेऊन बसणाऱ्या बाईंना दाखवायची. त्या बाईंनी आनंदानं कबूल केलं. शुक्रवारची गैरहजेरी थांबली. मंगळवारी बाजाराला दुपारनंतर गर्दी होते, म्हणून त्या दिवशी ती मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत बसे आणि मग जाई. वहीत अर्धा दिवस लागे. वार्षिक परीक्षेच्या वेळी तिची उपस्थिती ७८ टक्के भरली. मुख्याध्यापकांनी काही न बोलता सही केली. २०१९ साली, राज्याचा दहावीचा निकाल ७७.१० टक्क्यांपर्यंत खाली आला होता त्या वर्षी, ती आमच्याच शाळेतून दहावी पास झाली.

एका चंचीनं सुटणारा प्रश्न होता! पण तो कुणी विचारला नसता, तर तिच्या नावापुढं ‘दाखला दिला’ एवढंच उरलं असतं.

आपल्याकडचा शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकता येत नाही. प्राथमिक म्हणजे आठवीपर्यंत. आठवी संपली की हे छत्र संपतं, आणि नेमक्या त्याच वेळी मुलगा हाताशी आलेला असतो, मुलगी घरकामात तयार झालेली असते. एकीकडे घर ओढतं, दुसरीकडे शाळा बोट सोडते. नववीतली गैरहजेरी म्हणूनच मला सगळ्यांत काळजीची वाटते.

या नियमाला दुसरी बाजूही आहे. ती शहरात दिसते. माझ्या भाचीचा मुलगा दहावीनंतर विज्ञान शाखेला गेला. प्रवेश एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि मुक्काम दिवसभर क्लासमध्ये! “अगं, मग हजेरीचं काय?” मी विचारलं. ती म्हणाली, “मावशी, ते क्लासवाले बघतात. पॅकेजमध्येच असतं.” हे काही तिच्याच घरी चाललेलं नाही. म्हणून तर २०१८ साली राज्य सरकारनं विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. सीबीएसईनं २०२४ साली दिल्ली आणि राजस्थानातल्या शाळांना अचानक भेटी दिल्या. पटावर नावं होती आणि वर्गात मुलं नव्हती. त्यानंतर मंडळानं २१ शाळांची संलग्नता काढून घेतली.

म्हणजे ७५ टक्के हा आकडा एकच. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याची हजेरी तो वर्गात नसताना लागते, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याच्या आजीच्या नोटांचा हिशेब कुठल्याच नियमात बसत नाही. दीर्घ आजार, आई किंवा वडिलांचा मृत्यू, मोठ्या क्रीडास्पर्धा अशा कारणांसाठी सीबीएसईमध्ये सवलत मागता येते. बाजाराचा दिवस त्यात नाही, आणि असावा असं मी म्हणणारही नाही. मूल वर्गात असायलाच हवं. नियम हवाच. माझं म्हणणं इतकंच, की टक्केवारी काढण्याआधी कारण काढावं.

कारण दूर केलं की मुलं येतात, हे देशात पुष्कळ ठिकाणी दिसलं आहे. बिहारनं २००६ साली नववीतल्या मुलींसाठी सायकलीची योजना सुरू केली. घरापासून हायस्कूल दूर, म्हणून घरी बसणाऱ्या मुली तेव्हापासून शाळेत नाव घालू लागल्या. आपल्याकडे खेड्यातल्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. तोडणीला जाणाऱ्यांची मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं चालतात. जिथं ती नीट चालली, जेवण वेळेवर मिळालं, तिथं दिवाळीनंतरही बाक भरलेले मी पाहिले आहेत.

पालक म्हणून आपणही काही करू शकतो. रजेच्या चिठ्ठीत खरं कारण लिहावं. लाज वाटण्यासारखं असलं तरी लिहावं, कारण खऱ्या कारणावर शिक्षकाला काही करता येतं, पोटदुखीवर करता येत नाही. महिन्यातून एकदा वर्गशिक्षकांना मुलाच्या हजेरीचा आकडा विचारावा, जानेवारीची वाट पाहू नये. आणि शाळेनं दाखला घेऊन जायला सांगितलं, तर घाईनं होकार देऊ नये. कारण लेखी मागावं, उरलेल्या दिवसांत हजेरी भरून काढायची संधी मागावी.

आणखी एक सांगते. तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना बरं नसलं की कधी कधी त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कामाला येते. भराभर काम करते, तुम्हाला तिचं कौतुकही वाटतं. त्या दिवशी कुठल्या तरी वर्गात तिच्या नावापुढं गैरहजेरी लागलेली असते. तिला चहा द्या, आणि मग विचारा, “आज शाळा नाही का गं?” भांडी संध्याकाळी घासली तरी चालतील असं तिच्या आईला सांगा. तिचे ५५ दिवस तेवढे तरी वाचतील.