बरगड्यांखाली जागा झाली!

गरोदरपणात कंबर दुखायचीच, असं यापुढे माझ्यासमोर कुणी म्हणू नये. मी ऐकून घेणार नाही. सातव्या महिन्यात मला रात्री कूस बदलता येत नव्हती. डावीकडून उजवीकडे वळायचं तर आधी गादी घट्ट धरायची, गुडघे जुळवायचे, श्वास रोखायचा, आणि तरीही ओटीपोटाखाली, पुढे जिथे हाडाला हाड जुळतं तिथे, अशी कळ निघायची की डोळ्यांत पाणी यायचं. सलवार बसूनच घालावी लागायची. पुण्यात कर्वे रस्त्यानं रिक्षातून जाताना प्रत्येक खड्ड्याआधी मी अंग चोरून बसायचे. ‘पोटुशी बाई म्हटलं की हे आलंच’ असं आई म्हणाली, सासूबाई म्हणाल्या, ऑफिसातल्या लेकुरवाळ्या मैत्रिणीही म्हणाल्या. आणि मग एरंडवण्यातल्या एका लहानशा दवाखान्यात ऑस्टिओपथी हा हस्तोपचार करणाऱ्या एका बाईंनी माझ्या कमरेखाली हात ठेवला. तेव्हापासून मी भेटेल तिला ऑस्टिओपथी, ऑस्टिओपथी करत सुटले आहे!

दुखतंय तिथे त्यांनी आधी हातच लावला नाही. प्रश्न विचारले, आणि काय काय विचारलं! लहानपणी कधी कमरेवर आपटला होतात का, पोटाचं ऑपरेशन झालंय का, जिना चढताना आधी कुठला पाय टाकता, रात्री दात आवळता का, बाळाच्या लाथा कुठल्या बाजूला लागतात. सोनोग्राफीचा कागद नीट वाचला, वार कुठे आहे ते पाहिलं, रक्तदाब विचारला, माझ्या प्रसूतितज्ज्ञांना कळवलंय ना याची खात्री केली. मग मला उभं केलं, एका पायावर तोलायला लावलं, बसवून कमरेतून वळवलं. आणि शेवटी कुशीवर झोपवलं. गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटाखाली एक.

मला वाटलं होतं, आता हाडं कडाकड मोडतील. तसलं काहीच नाही. ‘गुडघा माझ्या हातावर दाबा, हळूच, एवढाच,’ त्या म्हणाल्या. काही क्षण दाबायचं, मग सोडून द्यायचं. सोडल्यावर त्या पाय अगदी किंचित पुढे न्यायच्या, की परत दाबायचं. परकराच्या नाडीला निरगाठ बसली की ती ओढून सुटत नाही, उलट सैल देत गेलं की उकलते, तसं माझ्या कमरेत काहीतरी उकलत गेलं. नंतर एक तळहात पाठीमागे त्रिकास्थीवर आणि दुसरा बरगड्यांच्या खालच्या कडेवर ठेवून त्या नुसत्या थांबल्या. मी श्वास घेतला आणि तो खाली गेला. पार खाली, कमरेपर्यंत! कित्येक आठवड्यांत असा श्वास मी घेतला नव्हता. त्या रात्री कूस बदलताना मी नवऱ्याला उठवलं, फक्त एवढं सांगायला की बघ, मी वळले.

पुढच्या काही भेटींत त्यांनी कटीभागाचा प्लास्टिकचा नमुना हातात देऊन मला माझंच शरीर समजावलं आणि मी अक्षरशः थक्क झाले. ओटीपोटाखालचा पुढचा तो सांधा एरवी जेमतेम ४-५ मिलिमीटर रुंद असतो. गरोदरपणात तो आणखी २-३ मिलिमीटरनं उघडतो, कारण रिलॅक्सिन आणि इतर संप्रेरकं अस्थिबंध सैल करतात. बाळाला वाट हवी म्हणून! एरवी ७० ग्रॅम भरणारं गर्भाशय दिवस भरेपर्यंत किलोभराच्या पुढे जातं, आणि ते वर सरकतं तसं श्वासपटल सुमारे ४ सेंटिमीटर उचललं जातं, बरगड्या बाहेरच्या बाजूला पसरतात. एवढी उलथापालथ चालू असताना आपण काय करतो? दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून बसतो, आणि कंबर दुखली की तिला नशीब म्हणतो. बाळासाठी हलायला शरीर तयार असतं; कुठेतरी एखादा भाग हलेनासा होतो आणि त्याचा भार शेजारचा भाग सोसतो. माझ्या बाबतीत पाठीमागचा उजवा सांधा आखडला होता आणि रडत होता पुढचा. जिथे दुखतं तिथे न थांबता आखडलेला भाग शोधायचा, हे त्या उपचाराचं मर्म मला इतकं पटलं की मी रात्री जागून वाचतच सुटले.

ऑस्टिओपथीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल हे अमेरिकेतले डॉक्टर. १८६४ मध्ये मेंदूज्वरानं त्यांची तीन मुलं गेली. त्या काळची औषधं त्यांना वाचवू शकली नाहीत आणि हा माणूस औषधांवरचा विश्वास उडून हाडांच्या, सांध्यांच्या अभ्यासात बुडाला. १८७४ मध्ये त्यांनी आपली नवी पद्धत जाहीर केली, १८९२ मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिल गावात शाळा काढली आणि, मला हे वाचून केवढा आनंद झाला, पहिल्याच वर्गात बायकांना प्रवेश दिला. आज अमेरिकेत ऑस्टिओपथीचे पदवीधर पूर्ण डॉक्टर असतात, औषधं लिहून देतात, शस्त्रक्रिया करतात. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्यानं या व्यवसायाची नोंदणी होते. आपल्याकडे ओडिशात कटकजवळच्या श्री श्री विद्यापीठात हा विषय शिकवतात, आणि माझ्यावर उपचार करणाऱ्या बाईंसारखे काहीजण आधी फिजिओथेरपीची पदवी घेऊन वर हे शिक्षण घेतात. म्हणून दारावरची पाटी वाचून आत शिरू नका. मूळ पदवी कुठली, ऑस्टिओपथी कुठे आणि किती शिकलात, गरोदर बायकांवर काम केलंय का, हे सरळ विचारा. चांगला माणूस चिडत नाही, खूश होऊन सांगतो.

माझा नवरा अभियंता आहे, त्याला आकडे लागतात, म्हणून तेही शोधले. गरोदरपणातल्या कंबरदुखीवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ३४ चाचण्या आणि पाच हजारांवर गरोदर स्त्रिया आहेत. त्यात म्हटलंय की दोन तृतीयांशांहून अधिक जणींना कंबरदुखी होते, आणि ऑस्टिओपथीसारख्या हस्तोपचाराचा फायदा होऊ शकतो. त्याच वर्षी टेक्सासमधल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले: ४०० स्त्रिया, शेवटची तिमाही. ज्यांना हे उपचार मिळाले त्यांचं दुखणं आणि हालचालींवरची बंधनं नेहमीच्या तपासण्यांवरच राहिलेल्या बायकांइतकी वाढली नाहीत. मात्र ज्यांना नुसता खोटा अल्ट्रासाउंड फिरवला, त्यांच्यात आणि हे उपचार मिळालेल्यांत ठळक फरक दिसला नाही. नवऱ्यानं यावर बोट ठेवलं. मी म्हटलं, ठेव की! कुणीतरी वेळ काढून, लक्ष देऊन अंगाला हात लावला तर गरोदर बाईला बरं वाटतं, हेही त्यातून दिसतंच. प्रत्येक दाव्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. नवजात बाळाची कवटी हलकेच धरून पोटदुखीपासून झोपेपर्यंत सगळं सुधारतं म्हणणारे आहेत, ते मला पटलेलं नाही. आणि रक्त दिसलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे काजवे चमकले, किंवा एकच पोटरी सुजून दुखायला लागली, तर कुठल्याही हस्तोपचाराकडे नाही, तडक प्रसूतितज्ज्ञांकडे.

पण हे सगळं वाचताना मला राहून राहून वाटत होतं, अरे, आपण पुणेकर तर या वाटेवर कधीचे आहोत! मॉडेल कॉलनीत १९७५ मध्ये बी. के. एस. अय्यंगारांची संस्था उभी राहिली. त्यांच्या कन्या गीता अय्यंगारांनी बायकांच्या योगासनांवर १९८३ मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं आणि पुढे खास मातृत्वावरही लिहिलं. लोड, पट्टे, खुर्च्या यांचा आधार देऊन छाती उघडायची आणि पोटावरचा ताण काढायचा, हे त्या शिकवत असत. माझ्या आजोळी कुणाला उसण भरली की पायाळू माणूस शोधत, त्याचा पाय पाठीला लागला की उसण गेली म्हणत. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तर बाळंतिणीच्या पोटाला तूप-तेल चोळून ते मोठ्या स्वच्छ कापडानं गुंडाळायला सांगितलंय.

आणि बाळंतपणानंतर तर मला ही दोन्ही जगं एकापाठोपाठ मिळाली. माझं सिझर झालं. माहेरी सकाळी मालिशवाल्या मावशी यायच्या, तिळाचं तेल कोमट करून पाय, पाठ, खांदे असे रगडायच्या की अळिवाचा लाडू खाऊन मी लगेच झोपायचे. पोटाला मात्र त्या हात लावायच्या नाहीत, ‘टाके आहेत ताई, नको.’ शहाणी बाई. पुढे जखम पूर्ण भरली, डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा मी पुन्हा एरंडवण्यात त्या बाईंकडे गेले. त्यांनी उताणं झोपवून डोकं जरासं उचलायला लावलं आणि बेंबीच्या वर बोटं टेकवून पोटाचे मधले स्नायू एकमेकांपासून किती लांब गेलेत ते पाहिलं. वण बोटांनी इकडून तिकडे, वर-खाली, अगदी हलका सरकवला. एका टोकाला तो घट्ट चिकटला होता आणि तिथे हात लागला की मला कमरेत ओढ जाणवायची! मी विचारलंही नव्हतं, तरी शिंकल्यावर लघवीचा थेंब येतो का, हे त्यांनी विचारलं. येत होता. आईलाही मी ते सांगितलं नव्हतं. त्यासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मिळाले. पाजताना मान खाली घालून बसायची सवय मोडली, बाळ उशीनं छातीपाशी उचलून घ्यायला शिकले आणि दोन्ही खवाट्यांमधली आग थांबली.

हे सगळं मी मालिशवाल्या मावशींना सांगितलं. त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली, माझा वण निरखून पाहिला आणि विचारलं, बोट कुठून कुठे सरकवायचं, किती दाबायचं, कितव्या आठवड्यापासून चालतं. आयुष्य बाळंतिणींत गेलेली ती बाई, प्रश्न एकाहून एक नेमके! मला अर्ध्यांची उत्तरं देता आली नाहीत. एरंडवण्याच्या बाईंना फोन केला, त्यांनाही मावशींकडून पायांची मालिश बघायची आहे म्हणे. येत्या रविवारी दोघी आमच्याकडे येतायत, आणि नुकतंच डोहाळजेवण झालेली माझी जाऊ आत्ताच विचारतेय की आधी कुणाचा हात लावून घ्यायचा.