शेजारच्या शाळेतला गणिताचा तास

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक छोटी तरतूद आहे. एका सरकारी शाळेची एका खासगी शाळेशी जोडी लावावी. दोघींनी एकमेकींकडून शिकावं, जमेल तिथे साधनंही वाटून घ्यावीत. शिक्षक-प्रशिक्षणात हयात घालवलेल्या मला ती फार मोलाची वाटते. कल्पना तशी जुनी. शेजारच्या शाळांनी एकेकट्याने झगडू नये, म्हणून कोठारी आयोगाने १९६६ मध्येच शाळा-संकुलांची शिफारस केली होती. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले.

प्रत्यक्षात जोडी म्हणजे बहुधा एक कार्यक्रम असतो. खासगी शाळेची बस जिल्हा परिषदेच्या शाळेपुढे थांबते, वह्या-दप्तरं वाटली जातात, फोटो निघतो, अहवाल जातो. नंतर वर्षभर कुणी फिरकत नाही. वह्या घेणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावरचा संकोच मला अजून सलतो.

खासगी शाळेची प्रयोगशाळा, वाचनालय, मैदान शेजारच्या मुलांना खुलं व्हायलाच हवं. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहिल्या की पुस्तकातली आकृती घोकावी लागत नाही. पण जिल्हा परिषदेच्या शिक्षकाकडे काय आहे, हे कुणी विचारतच नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांचे वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक येत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले २०२० च्या ग्लोबल टीचर पुरस्काराचे मानकरी ठरले.

एका द्विशिक्षकी शाळेतला तास आठवतो. बावन्नातून सत्तावीस वजा करायला तिसरीची मुलं दशकाचा एक गठ्ठा सोडून काड्या सुट्या करत होती. शेजारीच पहिलीची मुलं दहा-दहाचे गठ्ठे बांधत होती. बाई एकच, खोली एकच, आणि दोन्ही वर्ग कामात गढलेले. सोबत शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या एक शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, "सर, आमची मुलं उत्तर बरोबर काढतात, पण दशक का सोडायचा ते सांगता येत नाही त्यांना." पुढे त्यांच्याही वर्गात काड्या आल्या.

ज्या जोड्या टिकल्या, त्या मुख्याध्यापकांच्या करारावर टिकल्या नाहीत. एकाच इयत्तेला शिकवणाऱ्या दोघी-तिघींची गट्टी जमली, म्हणून टिकल्या. एक धडा मिळून आखायचा, एकमेकींच्या वर्गात शिकवायचा आणि मग मुलांच्या वह्या समोर ठेवून बोलायचं. यासाठी वेळापत्रकात तास लागतो. मतदार याद्या आणि सर्वेक्षणांत अडकलेल्या गुरुजींना तो कुठून मिळणार? शासनाला जोड्या खरोखर हव्या असतील, तर आधी हा वेळ मोकळा करून द्यावा. त्याला पैसाही फारसा लागत नाही.

खासगी शाळांच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे: दिवाळीनंतरच्या सत्रात पहिली भेट जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवा. वह्या नेऊ नका. आपल्या गणिताच्या शिक्षकांना घेऊन जा आणि मागच्या रांगेत बसून पूर्ण तास पाहा.