होडी बांधून ठेवणारा माणूस

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात, पण आमच्या घरावर ऋण आहे ते भीमेचं. खरं तर भीमेवरच्या एका नावाड्याचं.

आजीला सिद्धटेकचा नवस फेडायचा होता. आमच्याच तालुक्यातला रांजणगावचा महागणपती घरचा, पण नवस उजव्या सोंडेच्या सिद्धिविनायकाला बोललेला. शिरूरहून न्हावरे, पारगाव, चौफुला करत दौंड आणि तिथून शिरापूर. शिरापूर दौंड तालुक्यातलं, या बाजूला पुणे जिल्ह्याचं शेवटचं टोक. नदीपलीकडे तेव्हाच्या नगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात सिद्धटेक. मध्ये भीमा आणि तेव्हा पूल नव्हता. 1980 साली उजनी धरण झालं, त्याचा फुगवटा भीमेत वरपर्यंत चढला. पावसाळा सरता सरता धरण भरलं की इथलं पात्र चांगलंच रुंदावतं.

जाताना काहीच अडचण आली नाही. अहिल्याबाईंनी बांधलेल्या देवळात आजीने नारळ वाढवला. प्रदक्षिणा मात्र देवामागच्या अख्ख्या टेकडीला घालावी लागते. तिचे गुडघे धरलेले, म्हणून तिने टेकडीकडे तोंड करून हात जोडले.

परतताना घाटावर आलो तेव्हा दुपार कलली होती. हस्ताचं नक्षत्र, दौंडच्या बाजूला आभाळ काळंभोर. पलीकडे एस.टी.ची वेळ होत आलेली. होडी भरण्याइतकी माणसं काठावर ताटकळत होती, त्यात लग्नाच्या बोलणीला निघालेली मंडळीही होती. नावाड्याने पाण्याकडे पाहिलं, खाली वाकून बोटं भिजवली, वाऱ्यात धरली आणि दोर पुन्हा खुंटाला गुंडाळायला लागला.

"वारं फिरलंय. आता होडी सुटायची न्हाय."

माणसं चिडली. कुणी दुप्पट पैसे देऊ केले. आजीनेही विनवलं, घरी म्हातारा एकटा आहे म्हणाली. त्याने दोराला आणखी एक गाठ मारली. "मावशी, यष्टी उद्याबी येती."

अर्ध्या तासात पाऊस असा कोसळला की पलीकडचा काठ दिसेना. लाटा घाटाच्या पायऱ्या चढायला लागल्या. त्याने आम्हाला आपल्या घरी नेलं. दोन खणांचं पत्र्याचं घर, ओसरीत वल्ही आणि जाळी. त्याच्या बायकोने आमची जात विचारली नाही, गावही नंतर विचारलं. चुलीपुढे बसून तिने बाजरीच्या भाकरी थापल्या, पिठलं केलं. आजीला खाटेवर निजवलं आणि आपण लेकरं घेऊन खाली घोंगडीवर झोपली. मला आठवतं, पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि तो माणूस दर थोड्या वेळाने कंदील घेऊन होडी बघायला जात होता.

सकाळी नदी निवली. पलीकडे उतरताना काळ्या मातीच्या चिखलात आजीचा पाय घोट्याच्या वर रुतला. धुणं धुणाऱ्या दोघी बाया पदर खोचून आल्या. एकीने तिला खांद्याचा आधार दिला, दुसरीने कळशीभर पाणी ओतत पाय धुतले आणि जोडव्यांत अडकलेली माती करंगळीने काढली. नावाड्याने एका खेपेचं भाडं घेतलं, तेवढंच. राहण्याजेवण्याचे पैसे आजीने पुढे केले तेव्हा तो तोंड फिरवून वल्हं मारायला लागला.

आजीने मग आपल्या परीने वाट काढली. बाजरी घरात आली की ती एक पायली बाजूला काढायची. आळीतलं कुणी अष्टविनायकाला निघालं की पिशवी त्याच्या हाती. "होडीवाल्याच्या घरी द्या, शिरूरची मावशी म्हणा." पिशवी कधी रिकामी परत आली नाही. भुईमुगाच्या शेंगा, एकदा लाल मिरच्या, एकदा लेकीच्या लग्नाची हळद लावलेली पत्रिका. पुढे पूल झाला. गाड्या थेट देवळाजवळ जायला लागल्या, घाटावर उतरणारं कुणी राहिलं नाही आणि आजीही गेली.

21 मे 2024 रोजी याच उजनीच्या पाण्यात, करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली होडी वादळात सापडून उलटली. सहा माणसं गेली. बातमी वाचताना मी नावाड्याने बोटं भिजवून वारा पाहिला तो क्षण पुन्हा पाहिला. त्या दुपारी त्याच्या दारी होडीभर भाडं उभं होतं, दुप्पट पैसे कबूल होते आणि चूल तर त्याच्याही घरी रोज पेटायची होती. आम्ही त्याच्या भाकरीचे आभार मानत राहिलो. त्याने आम्हाला नाही म्हटलं, त्याचे आभार आमच्यापैकी कुणी मानले नाहीत. आजीनेही नाहीत.

यंदा बाजरी आली की पायलीभर घेऊन मी सिद्धटेकला जाणार आहे. पुलावर नाही थांबायचं, घाटाच्या अंगाला उतरायचं. त्याच्या लेकीचं सासर कोणतं ते पत्रिकेवर आहे. घर सापडलं नाही तर तिथून विचारत निघेन.