यवनाचा खांब

मी ग्रीस पाहिलेला नाही. गुडघ्यांची सध्याची अवस्था बघता या जन्मी पाहीन असंही वाटत नाही. पण गेल्या काही महिन्यांत ग्रीस माझ्या डोक्यात असं काही घुसलंय, की त्यावर लिहिल्याशिवाय सुटका नाही.

त्याला कारण माझा नातू. वय वर्षं पंधरा, मुक्काम पोस्ट अमेरिका. उन्हाळ्याच्या सुट्टीत लेक, जावई आणि हा, आणखी दोन कुटुंबांबरोबर एक छोटं जहाज ठरवून ग्रीसच्या बेटांवर फिरून आले. जहाज बेटाजवळ थांबतं, होडीतून किनाऱ्यावर नेतात, गाईड तयारच असतो, तीन-चार तासांत अवशेष बघायचे आणि जेवायला परत जहाजावर. याला म्हणे शोअर एक्सकर्शन म्हणतात. डिसेंबरमध्ये मंडळी आमच्याकडे कोनला आली तेव्हा नातवाने मला सगळे फोटो दाखवले. त्यातलं डेलोस नावाचं बेट त्याच्या मनात भरलं होतं.

डेलोस म्हणजे अपोलो देवाचं जन्मस्थान, अशी ग्रीकांची श्रद्धा. एवढंसं बेट, पण इसवी सनापूर्वी १६६ मध्ये रोमनांनी तिथलं बंदर करमुक्त केलं आणि भूमध्य समुद्रातला व्यापार तिकडे लोटला. इटलीचे व्यापारी आले, सीरियाचे आले, इजिप्तचे देव आले. प्रत्येकाने आपापली देवळं बांधली. मग इ.स.पू. ८८ मध्ये मिथ्रिडेटिस राजाच्या सैन्याने बेट लुटलं, पुढे इ.स.पू. ६९ मध्ये चाच्यांनी उरलंसुरलं नेलं, आणि हळूहळू वस्ती उठली. १८७३ पासून फ्रेंच संशोधक तिथे उत्खनन करताहेत. घरं, रस्ते, नाट्यगृह, संगमरवरी सिंहांची रांग... सगळं जसंच्या तसं उघडं पडलेलं. आजही तिथे पर्यटकांना रात्री राहू देत नाहीत. शेवटची बोट निघाली की बेट रिकामं.

फोटो संपले आणि त्याने विचारलं, "आज्जी, इथे असं ओल्ड काय आहे?"

आता इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला हा प्रश्न म्हणजे आमंत्रणच! मी त्याला घेऊन संध्याकाळी दुर्गाडीच्या पुलाकडे गेले. ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोन भिवंडी तालुक्यात, पण खाडीच्या अगदी काठावर. पूल ओलांडला की कल्याण. समोर दुर्गाडी किल्ला. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथेच आरमाराचा पाया घातला, हे आमच्याकडची शेंबडी पोरंही सांगतात.

पण मी त्याला सांगितलं ते त्याच्याही सोळाशे वर्षं आधीचं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने एक पुस्तक लिहिलं, 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. म्हणजे तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती. कुठे खडक आहेत, कुठे काय विकलं जातं, कुठला राजा कसा आहे. लेखकाचं नाव राहिलं नाही, पण पुस्तक राहिलं. त्यात सुप्पारा आहे, म्हणजे आपलं सोपारा. आणि त्याच्या पाठोपाठ कल्लिएना आहे. कल्लिएना म्हणजे हे समोरचं कल्याण!

त्यात तो काय म्हणतो? थोरल्या सातकर्णी राजाच्या काळात कल्याण ही रीतसर बाजारपेठ होती. पुढे सत्ता बदलली आणि बंदराची अडवणूक सुरू झाली. चुकून एखादं ग्रीक जहाज इथे आलंच तर पहारा बसवून त्याला थेट भडोचला घेऊन जात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणाचा हा परिणाम. एकाच्या बंदरातला माल दुसऱ्याने पळवायचा.

"म्हणजे पोलीस एस्कॉर्ट?" नातू म्हणाला.

"अगदी तेच," मी म्हटलं. कल्याण-भिवंडी रस्त्यावर ज्यांनी ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास घालवला असेल त्यांना कळेल, की आमच्याकडे अडवणुकीची परंपरा फार जुनी आहे!

पण त्याचा पुढचा प्रश्न मला निरुत्तर करणारा होता. "पण मग ते आहे कुठे?"

खरंच, कुठे आहे? खाडीत गाळ आहे, काठाला इमारती आहेत, आमच्या बाजूला गोदामं आणि त्यांच्यापुढे ट्रकांच्या रांगा. यवनांच्या काळातला धक्का नाही, खांब नाही, सिंह नाहीत. डेलोसला जे आहे त्यातलं काहीच नाही.

मी रात्री पडल्या पडल्या विचार करत होते. डेलोसला सगळं शाबूत राहिलं, कारण तिथून माणसं निघून गेली. कल्याणला काही दिसत नाही, कारण इथून माणसं कधी गेलीच नाहीत. सातवाहन गेले, शिलाहार आले, मग सुलतान, पोर्तुगीजांच्या स्वाऱ्या, मराठे, इंग्रज. प्रत्येकाने आधीच्याचा दगड काढला आणि आपल्या भिंतीत बसवला. जुन्या घराच्या चौथऱ्यावर नवं घर. अवशेष उरायला आधी गाव मरावं लागतं. आमचं गाव मेलं नाही, म्हणून आमच्याकडे तिकीट काढून बघण्यासारखं काही नाही.

आणि धंदा तरी कुठे बदललाय? पेरिप्लसमध्ये पैठण आणि तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, या गावांचा माल सांगितलाय. पैठणचे गोमेदासारखे दगड, तेरचं साधं कापड आणि तलम मलमल. हा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. आज भिवंडीत यंत्रमाग खडखडतात आणि देशविदेशचा माल कोनच्या आसपासच्या गोदामांत उतरतो. बैलगाडीच्या जागी कंटेनर आला, एवढंच.

आणखी एक गंमत. तेव्हाची जहाजं इजिप्तहून जुलैत निघत आणि मोसमी वाऱ्यावर इकडे येत. परतीचा वारा नोव्हेंबरनंतर. तोवर काय करणार? राहा इथेच! नातवाचं शोअर एक्सकर्शन चार तासांचं, त्यांचं दोन-तीन महिन्यांचं. इतके दिवस राहिलं की माणूस भाजी कुठे चांगली मिळते ते शिकतो, चार शब्द बोलायला लागतो, कुणाच्या लग्नाला जातो. काही जण मग वारा फिरला तरी परत जात नसतील.

हे शेवटचं वाक्य मनात आलं आणि झोप उडाली. कारण त्याच दिवशी दुपारी लेकीने मला सांगितलं होतं, "आई, आम्ही आता परत येणार नाही. तिकडे घर घेतलंय." इतकी वर्षं 'बघू', 'दोन वर्षांनी', 'याची शाळा झाली की' चाललं होतं. तिने ते संपवून टाकलं. चांगलंच केलं. मी "बरं" म्हटलं आणि चहा ठेवला. पण ते "बरं" घशातून खाली उतरायला वेळ लागला.

दोन दिवसांनी आम्ही कार्ल्याला गेलो. आमच्या गावातून एकवीरेला जाणं नवीन नाही. आगरी-कोळ्यांची ती कुलस्वामिनी, चैत्रात इथून गाड्या भरभरून जातात. मीही लग्न होऊन आल्यापासून कितीदा तरी गेलेय. देवीचं देऊळ आणि कार्ल्याचं चैत्यगृह अगदी एकमेकांना लागून. बहुतेक जण ओटी भरतात, नारळ फोडतात, लेण्यात डोकावून "थंड आहे" म्हणतात आणि उतरायला लागतात.

मी या वेळी पायऱ्या बसत बसत चढले. दारातच सिंहस्तंभ. वर चार सिंह पाठीला पाठ लावून बसलेले. नातू खूश, त्याला डेलोसचे सिंह आठवले. आत चैत्यगृह सव्वाशे फूट लांब, पंचेचाळीस फूट उंच, सदतीस खांब. छताच्या लाकडी कमानी मूळच्या, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या. वैजयंती गावच्या भूतपाल नावाच्या शेठजीने हे काम पुरं केलं आणि जंबुद्वीपात याहून उत्तम काही नाही असं बिनदिक्कत कोरून ठेवलं. लेणं बघितल्यावर त्याला कुणी बढाईखोर म्हणणार नाही.

पण मला नातवाला दाखवायचे होते ते खांब. त्यातले कित्येक खांब एकेकट्या माणसाने दान दिलेत आणि तसं त्यावर लिहिलंय. एक सोपाऱ्याचा भिक्षू आहे. पुष्कळ जण धेनुकाकट नावाच्या गावचे आहेत. हे गाव नेमकं कुठलं यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. आणि या धेनुकाकटच्या दात्यांत काही जण स्वतःला 'यवन' म्हणवतात. यवन म्हणजे मूळ अर्थाने ग्रीक, आयोनियाचा माणूस. पुढे हा शब्द पश्चिमेकडच्या कुठल्याही परक्याला लावू लागले. म्हणून हे दाते रक्ताने ग्रीक होते की नाही यावरही वाद आहेत. त्यांची नावं मात्र ऐका. एक सिहधय, म्हणजे सिंहध्वज. एक धम्म. एक यसवधन, म्हणजे यशोवर्धन!

डेलोसला परदेशी व्यापाऱ्यांनी आपापल्या देवांची देवळं बांधली. इथल्या यवनांनी या मातीतल्या धर्माला खांब दिला, तोही इथल्या नावाने, इथल्या प्राकृतात, ब्राह्मी अक्षरांत. पण 'यवन' हा शब्द पुसला नाही. मी कुठून आलो ते सांगेन, आणि मी कुठला झालो तेही सांगेन.

नातू बराच वेळ त्या खांबांकडे बघत उभा होता. मग म्हणाला, "सो ही वॉज लाइक मी. उलटं."

मी काही बोलले नाही. मराठी त्याला कळतं, थोडं बोलतो, वाचता येत नाही. मला इतकी वर्षं वाटायचं, की हे आमचं नुकसान. त्या क्षणी मनात आलं, या सिंहध्वजाच्या घराण्यात मागे कुणीतरी बाई समुद्राच्या पलीकडे वाऱ्याची वाट बघत बसली असेल. तिच्या लेखी पोर हरवलं. पण पोर हरवलं नव्हतं. ते दुसऱ्या गावात खांब उभा करण्याइतकं रुजलं होतं. तिला ते कळलं नसेल, एवढंच.

म्हणून दुःख नाहीसं होतं का? नाही होत. तो मराठी पुस्तक वाचणार नाही, माझा हा लेखही वाचणार नाही. त्याच्या आईने वाचून दाखवला तरच. पण मलाही ब्राह्मी कुठे येते? इतकी वर्षं मुलांना अशोकाचे शिलालेख शिकवले, ते १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडली म्हणून. मधली कित्येक शतकं एकवीरेला येणाऱ्या कुणालाच तो खांब वाचता येत नव्हता. खांब तरीही उभा होताच, आणि आपली माणसं त्याच्या शेजारून नारळ घेऊन जात होतीच. न वाचता आलेली गोष्ट नाहीशी होते असं नाही. कुणीतरी वाचणारा लागतो, इतकंच. तो कधी येईल ते आपल्या हातात नाही.

परतताना गाडीत लेकीला म्हटलं, "घराला नाव काय दिलंस?" ती हसली. तिकडे घराला नाव देत नाहीत, नुसता नंबर. मी म्हटलं, मग दारावर पाटी लाव. आडनाव मराठीत लिही आणि खाली गावाचं नाव लिही, कोन. पोस्टमनला वाचता आलं नाही तरी चालेल.

लावते म्हणाली. बघू.

असो. नातवाला पुढच्या खेपेला कोल्हापूरला न्यायचं कबूल केलंय. १९४५ च्या सुमाराला तिथे ब्रह्मपुरीच्या टेकाडात पोसायडनची छोटी काशाची मूर्ती सापडली. ग्रीकांचा समुद्रदेव, आणि निघाला पंचगंगेच्या काठी! टाऊन हॉलच्या संग्रहालयात ठेवलाय. तिथे पायऱ्याही फार नाहीत.