अस्सल

जुन्या मोटारीच्या मालकाला दोन प्रकारचे स्नेही असतात. एक म्हणतात, "गाडी चालते ना? मग झालें!" दुसरे बॉनेट उघडून आंत वांकून पाहतात नि खिन्न स्वरांत विचारतात, "हें मूळचें दिसत नाहीं?" गेल्या पावसाळ्यापर्यंत मी या दुसऱ्या पंथाचा निष्ठावंत वारकरी होतों.

आमची प्रीमियर पद्मिनी १९७८ सालची. त्या काळीं पैसे भरून मोटारीच्या नंबराची वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. वडिलांनीं ती पाहिली, नि गाडी दारांत आली तेव्हां आईनें तिला नव्या सुनेसारखी ओवाळून घेतली. वडील गेल्यावर गाडी माझ्याकडे आली, नि तिच्यांतला एकहि मूळचा भाग परक्या भागानें बदलूं द्यायचा नाहीं असा मीं पण केला. त्यांत २०२१ सालीं केंद्र सरकारनें नियम केला, कीं पन्नास वर्षांहून जुनी मोटार मूळ स्वरूपांत राखलेली असेल, तर तिची 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंद होईल. आमच्या गाडीची पन्नाशी जवळ येत चालली होती. तो मान तिला मिळावा, या ध्यासानें मी कुर्ल्याच्या भंगारबाजारांत खेपा घालूं लागलों. दैवाची मौज पाहा! ज्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही गाडी जन्मली, त्याच कुर्ल्यांत आतां तिच्या भगिनींचे अवयव सुटे करून विकले जातात. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तर मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतूनहि पद्मिनी नाहींशी झाली.

एके दिवशीं तेथल्या एका दुकानदारानें फळीच्या मागून पुठ्ठ्याची एक धुळकट डबी काढली. छाप जुना, किंमत जुनी, सील शाबूत. आंत ब्रेकच्या सिलिंडरांत बसणारे रबरी वॉशर. मला घबाड सांपडल्याचा आनंद झाला. आमच्या मिस्त्रींनीं मात्र एक वॉशर अंगठ्याखालीं दाबून पाहिला नि मान हलविली.

"साहेब, डबी उघडली नाहीं म्हणून आंतलें रबर कोवळें राहत नाहीं. आजचें किट लावूं या."

मीं ऐकलें नाहीं. त्यांनीं नाइलाजानें तेच बसविले. रबर न वापरतां ठेवलें तरी हवेंतला प्राणवायु वर्षानुवर्षें त्याला कडक करीत राहतो, नि कडक झालेली कड सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटून बसत नाहीं. मग दाबाखालचें तेल तेथून वाट काढतें. हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण ठाऊक असलेल्या गोष्टी विसरण्याची श्रद्धेला मोठी सोय असते.

पुढच्याच महिन्यांत पुण्याहून येतांना बोरघाट उतरत होतों. आई मागच्या आसनावर पेंगत होती. एका वळणाआधीं मीं ब्रेकवर पाय ठेवला, तों तो सरळ तळाला टेकला. पुन्हां दाबला, पुन्हां तेंच. खालचा गिअर टाकला, हातब्रेक ओढला, नि रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगांत गाडी घातली. गाडी थांबली. आईनें डोळे उघडून विचारलें, "आलें का घर?" मला बराच वेळ बोलतां येईना. मागच्या चाकापाशीं ब्रेकचें तेल ठिबकत होतें. दोष त्या जुन्या कारागिरांचा नव्हता. त्यांच्या रबराकडून चाळीस वर्षांनंतरहि तारुण्याची अपेक्षा करणाऱ्याचा होता.

मग अगदीं उलट टोकाला जाण्याचाहि मोह झाला. माझ्या एका स्नेह्यानें जुन्या फियाटला नवें एंजिन, नवें स्टिअरिंग, नवीं आसनें बसविलीं आहेत. गाडी उत्तम धांवते. पण डोळे मिटून बसलें तर ती कोणाचीहि वाटेल. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर ओढतांना हाताला होणारी ओळखीची खटपट, एंजिनचा तो घरगुती आवाज, हें सारें घालवायचें, तर नवी गाडीच कां घेऊं नये?

देवळाचा जीर्णोद्धार करणारे शिखर राखतात, कमान राखतात. कुजलेली तुळई मात्र भक्तांच्या डोक्यावर राहूं देत नाहींत. सरकारी नियमहि सांगाडा, बाहेरचें कवच नि एंजिन यांतल्या मोठ्या फेरफारांबद्दलच बोलतो. माझें सोंवळें त्याच्याहूनहि कडक! अस्सलपणाची हौस ज्याची, किंमतहि त्यानेंच मोजावी. आसन टोंचूं लागलें, तबकडीवरचा कांटा अडला, तर तें मी सोसावें. ब्रेकची किंमत मात्र मागें पेंगणारी आई मोजते, नि समोरून येणारा सायकलवाला मोजतो.

हें सारें आईला सांगितलें तेव्हां ती हंसली. "अरे, ज्या गिअरच्या मुठीला तूं कोणाला हात लावूं देत नाहींस, ती तरी कुठें मूळची आहे? मूळची केव्हांच फुटली. ह्यांनीं ती एका लेथवाल्याकडून करून घेतली. गाडी दोन दिवस बंद ठेवायला ह्यांना कुठला वेळ?"

वडिलांना मूळ नि बदललेलें यांचें सोयरसुतक नव्हतें. सकाळीं गाडी सुरू व्हावी नि मुलें वेळेवर शाळेंत पोंचावीं, एवढेंच त्यांना हवें असे.

आतां ब्रेकमध्यें आजचें रबर आहे. २०२८ नंतर गाडी परीक्षेला उभी राहील. त्या वेळीं परीक्षकानें त्या काळ्या मुठीवर बोट ठेवून 'ही मूळची नाहीं' असें म्हटलें, तर तें खरें आहे, असें मी कबूल करीन. मूठ मात्र काढणार नाहीं.