काचेपुढची सीट

संपादकांनी होळकरांच्या ड्यूसेनबर्ग गाडीवर लेख मागितला होता. १९३५ची ती उघडी स्पीडस्टर इंदूरच्या महाराज यशवंतरावांसाठी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधली. तिच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला लिहायचंय ते तिच्या अगदी उलट जातीच्या गाडीबद्दल, कारण गेल्या हिवाळ्यात तशी एक माझ्या दारातून परत गेली आणि ते मनातून जात नाही.

मी मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांचे लाकडी सांगाडे दुरुस्त करतो. हो, लाकडी. १९३०च्या कॅडिलॅक व्ही-१६चा पत्रा अ‍ॅश लाकडाच्या चौकटीवर बसवलेला असतो. पाणी मुरलं की बाहेरून सगळं शाबूत दिसतं आणि आत भुसा झालेला असतो. माझ्या दारातून परत गेलेली ती गाडी अशीच एक व्ही-१६ होती, बॉडी बनवणाऱ्या फ्लीटवुडची सात सीटची इम्पीरियल सेडान. ‘इम्पीरियल’ म्हणजे शोफर आणि मालक यांच्यामध्ये वरखाली होणारी काच. पुढची सीट चामड्याची, मागची उंची लोकरी कापडाची. पार्टिशनमुळे पुढची सीट मागे सरकत नाही, उंच शोफरचे गुडघे स्टिअरिंगशी येतात. मागे मात्र पाय लांब करून बसावं, शिवाय पाहुण्यांसाठी घडीच्या दोन सीटा. कोण कुठे बसायचं हे त्या गाडीत सुतारानेच ठरवून टाकलेलं आहे.

लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘पळते किती?’ सोळा सिलिंडर पळण्यासाठी नव्हतेच! आठ-आठ सिलिंडरच्या दोन रांगा, त्यांच्यात ४५ अंशांचा कोन, प्रत्येक रांगेला स्वतंत्र कार्ब्युरेटर. क्रँक ४५ अंश फिरला की एक स्फोट, त्यामुळे एकाचा जोर ओसरायच्या आत पुढचे लागलेले असतात. व्हॉल्व्हची खडखड तेलाच्या दाबावर चालणारी एक यंत्रणा शोषून घेते. ७.४ लिटरचं हे इंजिन टॉप गिअरमध्येच माणसाच्या चालीपासून वर ओढत जातं. शोफरने सारखे गिअर बदलू नयेत, मागच्या माणसाला हिसका लागू नये, यासाठी एवढा खटाटोप. जानेवारी १९३० मध्ये ती बाजारात आली, शेअर बाजार कोसळून तीन महिनेही झाले नव्हते. तरी पहिल्या दोन वर्षांत तीन हजारांवर गाड्या निघाल्या. १९३३ साली कंपनीने चारशेच बनवणार असं जाहीर केलं आणि खपल्या सव्वाशेच्या आसपास.

माझ्याकडे आलेल्या गाडीच्या मालकाला ती बंद बॉडी नको होती. तिच्या चासीवर नवी, उघडी रोडस्टर चढवून हवी होती. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. बंद गाडीत लाकूड जास्त, मजुरी जास्त, आणि उघड्या गाडीला भाव कितीतरी पट. तो म्हणाला, ‘त्या काळीही हेच चालायचं. ड्यूसेनबर्ग चासीच विकायची, बॉडी गिऱ्हाईक हवी तिथून बांधून घ्यायचं.’ हे खरं आहे, होळकरांची गाडीही तशीच झाली. पण त्यासाठी कुठली दुसरी बॉडी मोडावी लागली नव्हती. आज बनवलेली रोडस्टर कितीही हुबेहूब असली तरी ती आजची, आणि तिच्यापायी नव्वदहून जास्त वर्षांपूर्वीच्या सुतारांचं काम भंगारात जातं. इंजिनमागच्या पत्र्यावर फ्लीटवुडची पट्टी असते, तिच्यावर बॉडीचा प्रकार आणि नंबर. बॉडी गेली की ती पट्टी खोटी पडते. मग कुणीतरी पट्टीही बदलतं. ‘चासी नंबर खरा म्हणजे गाडी खरी’ हे मी प्रदर्शनांतल्या परीक्षकांकडूनही ऐकलंय, दरवेळी वाद घातलाय, आणि मला ते आजही मान्य नाही.

मी काम नाकारलं. ते दुसऱ्या गॅरेजमध्ये झालं. बंद बॉडी दुरुस्त करायची मजुरी मी निम्मी सांगितली असती तर गाडी वाचली असती का, हे मी स्वतःला अजून विचारतो. काढलेली बॉडी मी उचलून आणली. माझ्या शेडमध्ये घडवंच्यांवर ती ठेवली आहे. उंबऱ्याचं लाकूड पार गेलंय, पार्टिशनची काच मात्र अजून वरखाली होते.

तुमच्यापैकी कुणाच्या वाड्यात किंवा शेतावरच्या शेडमध्ये अशी जुनी बंद गाडी असेल तर एक करा. काहीही खोलण्याआधी पट्टीचे आणि लाकडावर ठोकलेल्या आकड्यांचे फोटो काढून ठेवा. आणि आधी चांगला सुतार बोलवा, डेंटर नंतर.